आईच्या दोन गोळ्या एकमेकींशी भांडतायत का?

बागाईतदार_तासगाव
आई ७६ वर्षांची. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आधी आमटीत दोनदा मीठ, मग चहात पत्तीच नाही, पुढं मला मामाच्या नावानं हाक. डोनेपेझिल सुरू झालं, आधी ५, मग १०. जादू काही झाली नाही, पण सकाळची पूजा तिची ती करायला लागली, तेवढं आम्हाला पुष्कळ होतं.

१० झाल्यावर लघवीची घाई सुरू झाली. रात्रीत पाच-सहा वेळा उठायची, एकदा संडासापर्यंत पोचलीच नाही आणि त्या लाजेनं दिवसभर जेवली नाही. दुसऱ्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. घाई थांबली, पण तीन आठवड्यांत आई वेगळीच झाली. तोंडाला कोरड एवढी की भाकरी घशाखाली उतरत नाही. दिवेलागणीला म्हस शोधत अंगणभर फिरते. म्हस आम्ही २००४ ला विकली.

भावकी म्हणते, आजार वाढला, आता असंच चालायचं. मला पटत नाही. दीड वर्ष मुंगीच्या पावलानं चाललेला आजार गोळी बदलल्याबरोबर उडी कशी मारेल? पेशी एकमेकींना निरोप देतात त्यात बिघाड होतो असं वाचलं. म्हणजे नेमकं काय, कुणी साध्या मराठीत सांगेल का? मी बीकॉम आहे.

केमिस्ट_मिरज
दादा, संशय बरोबर जागी आहे. ह्या दोन गोळ्या एका चिठ्ठीवर आल्या तर मी डॉक्टरांना फोन करतो. पण तुमच्याकडे चिठ्ठ्या दोन, बहुतेक दुकानंही दोन, मग बघणार कोण? मनानं काही बंद करू नका. घरातली सगळी पाकिटं पिशवीत घालून मेंदूच्या डॉक्टरांसमोर ओता. सर्दीची गोळी देत असाल तर तीही. त्यात क्लोरफेनिरामिन असेल तर तेही ऑक्सिब्युटिनिनच्याच जातीचं.

प्रयोगवही
कॉलेजात जीवरसायन शिकवायचे, आता निवृत्त आहे. लांबण लागेल, चालवून घ्या.

दोन चेतापेशी चिकटलेल्या नसतात. मध्ये फट असते, मिलिमीटरचे पन्नास हजार भाग केले तर साधारण त्यातल्या एकाएवढी. अलीकडची पेशी त्या फटीत रसायन सोडते, ते पलीकडच्या पेशीवरच्या ग्राहीत, म्हणजे निरोप घेणाऱ्या खाचेत, जाऊन बसतं, निरोप पोचतो. ॲसिटिलकोलीन हे असंच एक रसायन, लक्ष आणि आठवण ह्यांना लागणारं. काम झालं की कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) ते तोडून टाकतं, नाहीतर घंटा वाजतच राहील.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या तळाशी पुढच्या बाजूला असलेला पेशींचा एक पुंजका झडत जातो. मेंदूच्या वरच्या थराला हे रसायन मुख्यतः तिथूनच जातं. ते कमी पडतं, हे १९७० च्या दशकात कळलं. डोनेपेझिल त्या विकराला अडवतं, म्हणजे जे थोडं रसायन सुटतं ते जास्त वेळ टिकतं. झडलेल्या पेशी त्यानं परत येत नाहीत, म्हणून आईंना जरा बरं वाटलं तरी आजार आतून चालूच राहतो. (अमायलॉइड, टाऊ ही नावं वाचली असतीलच. तो मोठा विषय आहे, तुमच्या प्रश्नाला आज लागत नाही.)

आता बागेत या. ऑरगॅनोफॉस्फेट फवारणी अंगावर आली की तेच विकर जखडलं जातं, तेही डोनेपेझिलच्या कितीतरी पट घट्ट. मग लाळ, घाम, लघवी, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक. त्यावर दवाखान्यात ॲट्रोपिन टोचतात. ते ग्राहीवरच ठाण मांडतं, निरोप आत शिरत नाही. धोतऱ्यातही हेच असतं. धोतरा पोटात गेलेला माणूस तोंड कोरडं पडून बरळत का फिरतो ते त्यावरून कळेल.

मूत्राशय आवळतं तेही ॲसिटिलकोलीनच्याच निरोपावर. डोनेपेझिलनं तिथली घंटाही लांबवली, म्हणून घाई. ऑक्सिब्युटिनिननं तिथल्या ग्राहीच्या कानात बोळे घातले. पण ती गोळी मेंदूतही सहज शिरते, आणि तिथंही बोळे घालते. एक गोळी घंटा लांबवतेय, दुसरी ऐकणाऱ्याचे कान बंद करतेय.

तुळशीवृंदावन
आमच्याकडे ब्राह्मी तुपात देतात. करून बघा.

प्रयोगवही
तूप खाऊ द्या. पण आहेत त्या दोन गोळ्यांचा निकाल लागेपर्यंत तिसरं काही घालू नका, नाहीतर कशानं काय झालं ते कळायचंच नाही.

बागाईतदार_तासगाव
बाई, धोतऱ्याचं वाचलं आणि रात्रभर झोप नाही. १९९१ ला आप्पांना फवारताना विषबाधा झाली. पाठीवरचा पंप गळका होता, मोनोक्रोटोफॉस की असंच काहीतरी होतं. दवाखान्यात इंजेक्शनांवर इंजेक्शनं. तोंडाचा फेस थांबला, आणि मग रात्री आप्पा हवेतले न दिसणारे धागे ओढत बसले, वेली बांधतोय म्हणून. डॉक्टर तेव्हा म्हणाले होते, हे औषधाचं आहे, उतरेल. आई उशाशी बसली होती. आता आईही पदराचे धागे तसेच ओढते. मी रोज बघत होतो, पण आप्पांची ती रात्र मला आठवली नाही.

बागाईतदार_तासगाव
बारा दिवसांनी लिहितोय. पिशवी ओतली. डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन बंद केलं, डोनेपेझिल परत ५ वर आणलं आणि सकाळी द्यायला सांगितलं. लघवीसाठी मिराबेग्रॉन दिलं, ते वेगळ्या ग्राहीवर चालतं म्हणे, फक्त बीपी तपासत राहायचं. केमिस्टदादा, सर्दीची गोळी खरंच निघाली, वहिनी देत होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी कोरड गेली. रात्री अजून दोनदा उठते, ते चालतंय. काल दिवेलागणीला मीच भीत भीत विचारलं, म्हस कुठाय? म्हणाली, "विकली की. आणि मातीमोल विकली तुझ्या बापानं."

मला हाक अजून मामाच्याच नावानं मारते.