जेवणाच्या टेबलांवर ऑर्किड: कुंड्या की दांड्या?

ताई: छोटीच्या लग्नात टेबलांवर ऑर्किड ठरल्यात. कापलेल्या दांड्या घेऊ की अख्ख्या कुंड्या? आज सांगा, उद्या ऑर्डर द्यायचीय.

मामी: दांड्याच. फोममध्ये खोचल्या की काम झालं. कुंड्या म्हणजे बाल्कनी उचलून आणल्यासारखं दिसतं.

आत्या: फॅलेनोप्सिस जातीच्या ऑर्किडची कुंडी दोन-तीन महिने फुललेली राहते हो. टोपलीत ठेवून वर मॉस (शेवाळ) पसरलं की कुंडी दिसतसुद्धा नाही. आणि तो हिरवा फोम नकोच, प्लॅस्टिकच असतं ते, चुरा होऊन पाण्यात जातं. भांड्यात तारेची जाळी चुरगळून बसवा, दांड्या छान उभ्या राहतात.

मामी: जाळीचं पटलं. पण तुमच्या कुंडीचा दांडा हात-दीड हात उंच. समोरच्याचं तोंड दिसायला नको का?

आत्या: हे मात्र खरं 😅

ताई: मग कुंड्या दाराशी आणि स्टेजजवळ. टेबलांवर उथळ काचेच्या भांड्यात डेंड्रोबियम जातीच्या ऑर्किडची सुटी फुलं तरंगती?

मामी: चालेल. सोबत त्या मोसमात मिळेल ती पानं-फुलं घाला, नुसत्या ऑर्किड कोरड्या दिसतात. फक्त निशिगंध टेबलावर नको. जेवताना तो वास डोक्यात जातो. त्याला दाराशी ठेवा.

दादा: मधोमध फळांची परडी पण सांगितलीय ना?

आत्या: ती आधी हलवा! पिकलेल्या फळांतून इथिलीन वायू निघतो. कळ्या पिवळ्या पडून गळतात, उमललेली फुलं मलूल होतात. केळी, सफरचंद तर मुळीच नको. फुलं रात्रभर बंद खोलीत राहणार असतील तर फळं त्या खोलीत ठेवूच नका.

दादा: आणि दांड्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये?

आत्या: नको रे. ही उष्ण हवेतली झाडं. १० अंशांच्या खाली पाकळ्यांवर डाग पडतात. दांडीचं टोक तिरकं कापून स्वच्छ पाण्यात, थंड खोलीत ठेव, बस. आणि फुलाच्या मधला तो बारीक टोपीसारखा भाग कुणी कुरतडू नका. त्यात परागकण असतात. तो निघाला की फूल लवकर मान टाकतं. मांडताना मुलांना लांब ठेवा, त्यांना नेमकं तेच हवं असतं.

ताई: कुंड्या निवडताना काय बघू?

आत्या: खालची बरीचशी फुलं उमललेली, टोकाला दोन-चार कळ्या. नुसत्या कळ्यांवरची घेऊ नकोस, जागा बदलली की त्या गळतात. पारदर्शक कुंडीतून मुळं बघ. हिरवी म्हणजे ओली, चंदेरी म्हणजे पाणी हवंय, तपकिरी लिबलिबीत म्हणजे सडलेली. एसीच्या थेट झोतात ठेवू नका. आदल्या दिवशी पाणी घालून पूर्ण निथळू द्या, टोपलीत साचायला नको. पानांच्या मधल्या कोंबात पाणी राहिलं तर टिपून घ्या, नाहीतर तिथूनच सड सुरू होते.

काका: लग्नानंतर फुलं गळली की फेकायची?

आत्या: अहं! दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या गाठीच्या जरा वर कापा, कधी कधी तिथूनच फाटा फुटतो. वाळला तर मुळाशी कापा. पूर्वेची खिडकी, मुळं चंदेरी झाली की पाणी. पुन्हा दांडा यायला काही आठवडे रात्री थोड्या गार लागतात, म्हणजे पुढच्या थंडीपर्यंत धीर धरा.

मामी: मग कोण किती कुंड्या नेणार हे आत्ताच लिहा. नंतर भांडणं नकोत.

आत्या: ४ माझ्या ✋

दादा: घ्या, सुरू झालं 😂