मदत हवी आहे: भिंगरीचं सेंट्रिफ्यूज थरथरतंय, वेगही नीट मोजता येत नाहीये

नमस्कार मंडळी,

दोन आठवडे एकाच गोष्टीशी झटतेय, आता तुमच्यापैकी कुणाच्या तरी अनुभवाची गरज आहे.

मोठ्या बटणात दोरा ओवून केलेली भिंगरी बहुतेकांनी फिरवली असेल. टोकं ताणली, सैल सोडली की बटण गुणगुणायला लागतं. याच खेळण्यावरून स्टॅनफर्डमधल्या मनु प्रकाश आणि साद भामला यांच्या गटाने हाताने फिरवायचं पेपरफ्यूज, म्हणजे कागदाचं सेंट्रिफ्यूज (द्रव वेगाने फिरवून त्यातले जड कण वेगळे करणारं यंत्र), बनवलं. त्यावरचा शोधनिबंध २०१७ साली आला. कागद, दोरा, स्ट्रॉ, वजन जेमतेम २ ग्रॅम आणि दीड मिनिटात रक्तातला प्लाझ्मा (पेशी वगळून उरणारा द्रव) वेगळा! मिनिटाला १,२५,००० फेऱ्यांपर्यंत वेग त्यांनी नोंदवला आहे. प्रकाश यांना २०१३ मध्ये युगांडातल्या एका आरोग्य केंद्रात महागडं सेंट्रिफ्यूज दाराला टेकू म्हणून ठेवलेलं दिसलं होतं, वीजच नसल्यामुळे. ते वाचल्यापासून हे यंत्र माझ्या डोक्यातून जात नाही.

मला ते आमच्या विज्ञान गटातल्या मुलांकडून करून घ्यायचंय. रक्ताला अजिबात हात लावायचा नाही, फक्त गढूळ पाणी. स्वतःच्या हातांनी फिरवलेल्या चकतीत माती एका टोकाला जाऊन बसलेली त्यांना दिसावी, एवढंच हवंय.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगते. खोक्याच्या पुठ्ठ्याची १० सेंटिमीटर व्यासाची चकती कापली, मध्यबिंदूच्या दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर दोन भोकं पाडली, मुठीसाठी दोन जुनी पेनं घेतली. स्ट्रॉचे तुकडे एका टोकाला गरम करून चिमट्याने दाबून बंद केले, गढूळ पाणी भरून दुसऱ्या टोकाला बूच लावलं आणि चकतीवर समोरासमोर चिकटवले. शिवणाचा दोरा दहा-बारा हिसक्यांत तुटला, भोकाच्या कडेशी घासून पार पिंजला होता. मासेमारीचा विणलेला दोरा आणल्यापासून ती कटकट संपली.

पहिल्या दिवशी स्ट्रॉचं एक बूच उडून थेट माझ्या चष्म्यावर आदळलं. तेव्हापासून संरक्षक चष्म्याशिवाय कुणालाही हात लावू देत नाही, आणि तुम्हीही देऊ नका.

आता खरी अडचण. वेग वाढला की चकती थरथरते आणि दोरा हातात झटके देतो. मध्यात सुई घालून चकती उभी धरली, जड बाजू खाली आली की समोरच्या बाजूला चिकटपट्टीचे तुकडे लावत गेले. आता ती कुठेही थांबवली तरी स्थिर राहते, तरीही फिरताना थरथर आहेच. माझा अंदाज असा की दोन्ही स्ट्रॉ चकतीच्या एकाच पृष्ठावर असल्यामुळे वजन चकतीच्या पातळीबाहेर गेलंय, आणि सुईवरच्या चाचणीत ते कळत नाही. दोन चकत्यांच्या मध्ये स्ट्रॉ दाबून बसवले तर फरक पडेल का? की दोष भोकांतला आहे? एक भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर जास्त लांब गेलंय, हे मला माहीत आहे.

दुसरा प्रश्न वेगाचा. फोनवर सेकंदाला २४० चित्रं घेणारं स्लो मोशन चित्रण केलं. पण चकतीवर एकच खूण असेल तर सेकंदाला १२० फेऱ्यांच्या, म्हणजे मिनिटाला ७,२०० च्या पुढे हे मोजमाप फसवं ठरतं. खूण उलटी फिरताना दिसते आणि नेमक्या फेऱ्या किती झाल्या ते सांगता येत नाही. म्हणून आवाजाकडे वळले. सूर दाखवणाऱ्या अ‍ॅपवर भिंगरीची गुणगुण कमाल वेगाला साधारण २०० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २०० कंपनं, येते. घोळ इथेच आहे. दोन स्ट्रॉमुळे एका फेरीत दोनदा हवा कापली जात असेल, तर मिनिटाला ६,००० फेऱ्या होतात. एकदाच होत असेल तर १२,०००. मध्यापासून ४ सेंटिमीटरवर पहिल्या हिशेबाने गुरुत्वाकर्षणाच्या १,६०० पट जोर येतो, दुसऱ्याने ६,४०० पट. मुलांना चौपट चुकीचा आकडा सांगायला मन धजत नाही. एक स्ट्रॉ काढून तेवढ्याच वजनाचा चपटा तुकडा लावला आणि गुणगुण ऐकली, तर उलगडा होईल का? की आवाज मुळात दोऱ्याच्या पिळाचाच आहे?

जाडी माती मिनिटभरात बसते, पण बारीक चिकणमातीमुळे पाणी दुधासारखंच राहतं. भिंगरी दर ओढीला थांबून उलट फिरते, त्यामुळे कमाल वेग क्षणभरच टिकतो, हे कारण असावं असं वाटतं. छोट्या चकतीला जास्त वेग मिळतो म्हणतात, पण त्रिज्याही कमी होते. ५ किंवा ६ सेंटिमीटर व्यासाची कुणी करून पाहिली आहे का? दोऱ्याची लांबी किती ठेवली होती?

आणि पुठ्ठा पाण्याने फुगून सुटायला लागलाय. त्यावर चिकटपट्टीचा थर दिला तर वजन सगळीकडे सारखं राहील, की दुसरं काही वापरू? जुनी सीडी सुचवणार असाल तर थांबा. ती तडकली तर तिचे तुकडे धारदार असतात, मुलांच्या हातात मला ती द्यायची नाही.

पुढच्या शनिवारी मुलं येणार आहेत. थरथरीबद्दल आधी सांगितलंत तर फार बरं होईल, बाकीचं मागाहून चालेल.