विषय: अंतरपाटाची पेटी कुणाकडे? (शनिवारच्या आत!!)

मंडळी,
काल मंडळाची पेटी उघडली तर आत पुस्तकं. वर चिठ्ठी मात्र 'लग्न – अंतरपाट, मुंडावळ्या, पाट 2, समया 2'. शनिवारी अकराचा मुहूर्त आणि माझ्या घरात दिवाळी अंकांचा ढीग! खरी पेटी ज्यांच्याकडे असेल त्यांनी आजच कळवा, घ्यायला मी येते.
– नवरीची आई

---

वहिनी, पेटी माझ्या गराजमध्ये आहे. होळीला हॉल रिकामा करताना कुणीतरी झाकणांची अदलाबदल केली. ग्रंथालयाच्या पेट्यांना मला विचारल्याशिवाय हात लावू नका, हे मी कितीदा सांगितलंय.
तुमच्याकडच्या पेटीत ती कॅस्केड्सच्या डोंगरांतली थरारक कादंबरी आहे का? ती रेंजरबाई हरवलेल्या मुलाला शोधते ती. तिघं रांगेत आहेत.
– ग्रंथालय

---

आहे. सापडली तेव्हा सहज दोन पानं चाळली, आणि रात्री अडीचला दिवा बंद केला. रुखवताचे लाडू तसेच राहिले. ती बाई ओल्या जीन्समध्ये नदी ओलांडते तिथे मी आहे. शनिवारपर्यंत मागू नका.
– न. आ.

---

ती पेटी मुळात ग्रंथालयाच्या गराजमध्ये गेलीच कशी? पूजासाहित्य गेली अकरा वर्षं माझ्याकडे असतं. अंतरपाट धुऊन, कापूर घालून ठेवलेला आहे, कृपया इस्त्री जपून करा.
दुसरं, कानावर आलं की कन्यादान नाही, कानपिळी नाही, नवरी मामाचा हात न धरता एकटी चालत येणार. मग अंतरपाट तरी कशाला हवा?
– पूजासाहित्यवाले काका

---

काका, आमचं लग्न 1994 साली पुण्यात लागलं, ज्ञानप्रबोधिनीच्या पद्धतीने. पौरोहित्याला बाई होत्या आणि प्रत्येक मंत्राचा अर्थ मराठीत सांगत होत्या. माझ्या आजेसासूबाई आधी रुसून बसल्या, मग सगळ्यांत पुढे येऊन ऐकत राहिल्या. सत्यशोधकांनी तर 1873 सालीच भटजीवाचून लग्न लावलं होतं. फुल्यांच्या मंगलाष्टकांत नवरी स्वातंत्र्याचं बोलते. तेव्हा 'हल्लीच्या मुली' म्हणू नका.
अंतरपाट हवाच. तो दूर होतो तेव्हाच तर फोटो निघतो!
– प्रबोधिनीवाली

---

मी 'हल्लीच्या मुली' असं कुठे म्हटलं?
– पू. काका

---

बाकी राहू द्या, लग्नाचं लायसन काढलं का? वॉशिंग्टन राज्यात अर्ज केल्यावर तीन दिवस थांबावं लागतं, मग ते साठ दिवस चालतं. आज मंगळवार. उद्या चुकलात तर शनिवारी फक्त जेवण होईल. साक्षीदार दोन लागतात. आणि लग्न पार्कात आहे, तर होमाचं बघा. ऑगस्टात जाळ करायला बंदी असते, रेंजर येऊन विझवतो. आमच्या भाच्याची सप्तपदी शेवटी बॅटरीच्या दिव्याभोवती झाली.
– माजी खजिनदार

---

लायसन मागच्याच आठवड्यात काढलं. होम नाही, समईभोवती सप्तपदी आहे. अंतरपाट एका बाजूने मी धरणार आणि दुसऱ्या बाजूने विहीणबाई, भटजींनी परवानगी दिली आहे. लग्न घरचं आहे, मंडळाच्या सभेत ठराव नको.
– न. आ.

---

त्या कादंबरीबद्दल: पान 140 वर ग्रिझली अस्वल दाखवलंय. उत्तर कॅस्केड्समध्ये अमेरिकेच्या बाजूला 1996 नंतर ग्रिझलीची खात्रीशीर नोंद नाही. काळी अस्वलं असतात. गारठलेला माणूस शेवटी 'उकडतंय' म्हणत जाकीट काढून फेकतो ते मात्र बरोबर लिहिलंय. आणि डोंगरात जीन्स कोण घालतं? सुती कापड भिजलं की वाळत नाही.
– ट्रेकवाले

---

ट्रेकवाले, जाकीट कोण काढतं ते आता कळलं. मी रांगेत पहिली होते. धन्यवाद.
– रांगेतली

---

वहिनी, आज सात वाजता इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये येते. पुस्तक शनिवारी मांडवातच घेईन, पण पान दुमडू नका, मुंडावळीचा दोरा खूण म्हणून घाला. पेटीत समई एकच दिसते.
– ग्रंथालय

---

दुसरी माझ्याकडे आहे, मागच्या दिवाळीपासून. आणते.
– रांगेतली