मुलगा पळून जातो तेव्हा : रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करणाऱ्यांचे अनुभव

फलाटावर, उड्डाणपुलाखाली किंवा बाजारपेठेत राहणाऱ्या मुलांसाठी ज्यांनी काम केले आहे, त्यांना एकच गोष्ट विचारायची आहे. निवाऱ्यात आणलेला मुलगा पळून गेला, हा प्रसंग प्रत्येकाच्या वाट्याला आला असणार. त्यानंतर आपण काय केले, ते सविस्तर लिहावे. मुलांची आणि संस्थांची नावे मात्र लिहू नयेत. सुरुवात मीच करते.

साधारण वीस वर्षांपूर्वी मुंबईतील एका मोठ्या स्थानकाजवळच्या दिवसाच्या निवाऱ्यात मी काम करत होते. मुले आंघोळीला, कपडे धुवायला आणि दुपारी निवांत झोपायला येत आणि रात्री पुन्हा फलाटावर जात. प्रत्येकाला पत्र्याचा एक लहानसा कप्पा दिलेला असे आणि त्याची किल्ली मुले काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालत. दहा-अकरा वर्षांच्या एका मुलाच्या कप्प्यात साबणाची अर्धी वडी, दात तुटलेला कंगवा आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेल्या नोटा असत. रस्त्यावर कमावलेला पैसा रात्रभर टिकत नाही, थोरली मुले झोपेत खिसे कापतात, म्हणून मिळेल ते संध्याकाळपर्यंत उडवण्यातच शहाणपण असते. ‘यांना बचतीची सवय नाही’ असा शेरा मारणाऱ्यांना हे ठाऊक नसते. त्याला आम्ही बालगृहात पाठवले आणि तिसऱ्याच दिवशी तो पळाला. आठवड्याने त्याचा निरोप आला. १९९६ साली टाटा समाजविज्ञान संस्थेच्या प्रकल्पातून मुंबईत सुरू झालेला १०९८ हा मुलांच्या मदतवाहिनीचा क्रमांक मुलांना ‘दस नौ आठ’ असा तोंडपाठ होता, त्यावरच त्याने फोन केला होता. आपण कुठे आहोत ते त्याने सांगितले नाही; ‘किल्ली माझ्याजवळ आहे, माझा कप्पा दुसऱ्याला देऊ नका,’ एवढेच कळवले. कप्प्यासाठी इतर मुले ताटकळत होती, त्यामुळे आमच्यात बराच वाद झाला, पण अखेर कप्पा राखून ठेवला. सात आठवड्यांनी तो आला, आधी किल्ली लावून पाहिली, नोटा मोजल्या आणि मग आंघोळीला गेला.

रात्रपाळीचा कार्यकर्ता

२०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सापडलेल्या मुलाला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे मुलाला कुठे ठेवायचे ते ठरवणाऱ्या समितीपुढे, न्यावे लागते. ते योग्यच आहे, कारण एरवी मुलाला कोणी कुठे नेले याचा पत्ता लागत नाही. पण ते २४ तास मुलाच्या बाजूनेही पाहावेत. नशेसाठी हुंगतात त्या ‘सोल्यूशन’मध्ये भिजवलेला बोळा नाकाशी धरून दिवस काढणाऱ्या मुलाला पहिल्या रात्री झोप येत नाही, त्याचे डोके ठणकते, तो अंगावर धावून येतो, आणि नेमके त्याच रात्री आपण वही उघडून त्याला नाव, गाव आणि वडिलांचे नाव विचारत बसतो. माझ्या वहीत एका वर्षात पाच मुलांनी एकाच सिनेनटाचे नाव स्वतःचे म्हणून सांगितलेले आहे. आता मी पहिल्या रात्री दार कुठे आहे, शौचालय कुठे आहे आणि सकाळी कोणाकडे जायचे आहे, एवढेच त्याला सांगतो. कित्येक मुले खाटेवर झोपण्याऐवजी खाटेखाली, भिंतीला पाठ लावून झोपतात. त्यांना वर झोपवण्याचा आग्रह मी सोडून दिला आहे.

माजी स्वयंसेवक

माझा अनुभव लहानसा आहे. आमचा गट दर रविवारी फलाटावर जेवण वाटत असे. एका रविवारी आमच्या आधी दोन कुटुंबे मुलांसोबत वाढदिवस साजरे करून गेली होती. आम्ही केक काढताच एका मुलाने विचारले, ‘आज कोणाचा आहे ते आधी सांगा, गाण्यात नाव घ्यावे लागते.’ त्यानंतर मी जेवणवाटप थांबवले आणि निवाऱ्यात गणित शिकवू लागलो. फलाटावरच सगळे मिळत असेल, तर मुलाने निवाऱ्यात तरी का यावे?

गृहचौकशी करणारी समाजसेविका

बारा वर्षांच्या एका मुलाला गावाचे नाव सांगता येत नव्हते. एसटीच्या पाटीवरची दोन नावे आणि साखर कारखान्याचे धुराडे एवढेच त्याच्या लक्षात होते. त्यावरून घर सापडले. चारायला नेलेली शेळी हरवली म्हणून मार बसेल या भीतीने तो तीन वर्षांपूर्वी निघाला होता. घरच्यांनी शेळीचा विषयही काढला नाही, आई तर दिवसभर त्याचा हात सोडत नव्हती. मी अहवालात ‘पुनर्वसन यशस्वी’ असे लिहिले आणि महिन्याच्या आत तो पुन्हा फलाटावर दिसला. ज्या तिसरीतून तो गेला होता, त्याच तिसरीत शाळेने त्याला बसवले होते आणि आठ वर्षांची मुले त्याला काका म्हणत होती. खरे तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार त्याला वयानुरूप वर्गात प्रवेश आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण मिळायला हवे होते. ते मी आधीच पाहायला हवे होते, कारण घर शोधण्यात दोन महिने घालवताना शाळेत जाण्यासाठी मी एक दिवसही काढला नव्हता. दुसऱ्या खेपेला आधी मुख्याध्यापकांना भेटले आणि नंतर मुलाला नेले.

त्या मुलांपैकीच एक

मी तीनदा पळालो. पहिल्यांदा मारामुळे पळालो, दुसऱ्यांदा मित्र बाहेर होता म्हणून, आणि तिसऱ्यांदा का पळालो ते मला अजूनही सांगता येत नाही. रात्री गाडीचा भोंगा ऐकू आला आणि मी भिंतीवरून उडी मारली, एवढेच आठवते. परत आल्यावर अधीक्षकांनी काहीही न विचारता ताट वाढले. त्यांनी विचारले असते तर मी खोटे बोललो असतो आणि ते निभावण्यासाठी पुन्हा पळालो असतो.

माझ्याकडे शाळेचा दाखला नव्हता आणि जन्माचा दाखलाही नव्हता, म्हणून वय ठरवण्यासाठी हाडांची तपासणी झाली. माझ्या हिशेबाने मी सोळा वर्षांचा असताना कागदावर अठरा पूर्ण झाले आणि मला बालगृह सोडावे लागले. नशिबाने अनुरक्षणगृहात, म्हणजे अठरा पूर्ण झाल्यावर बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांसाठीच्या वसतिगृहात, जागा मिळाली, तिथे एकविसाव्या वर्षापर्यंत राहून मी फ्रिज दुरुस्तीचे काम शिकलो. कागदावर माझी जन्मतारीख १ जानेवारी अशी लागली आहे. माझ्यासोबतच्या तिघांचीही तीच आहे, त्यामुळे त्या दिवशी आम्ही चौघे एकमेकांना फोन करतो.