वेब पत्ता तपासायला रेजेक्स वापरणं आता थांबवावं का?

रानवारा (धागाकर्ता)

मंडळी, हल्लीच एका नोंदणी अर्जाचा कोड पाहण्यात आला. संस्थांनी नाव, पत्ता, फोन भरायचा आणि आपल्या संकेतस्थळाचा वेब पत्ता द्यायचा. एका संस्थेचं संकेतस्थळ .भारतवर, नाव अख्खं देवनागरीत. अर्ज काही केल्या पुढे सरकेना, "कृपया वैध पत्ता लिहा" एवढंच म्हणत राहिला. तोच पत्ता ब्राउझरमध्ये टाकला की पान लगेच उघडत होतं.

कोड उघडल्यावर कारण एका ओळीत सापडलं. होस्टमध्ये (पत्त्यातल्या संकेतस्थळाच्या नावात) फक्त रोमन अक्षरं, अंक आणि जोडरेघ चालेल, शेवटचा तुकडा दोन ते सहा अक्षरांचा हवा, असं रेजेक्स, म्हणजे मजकूर ठरावीक नमुन्यात बसतो का ते पाहणारं सूत्र. ही ओळ कुठून तरी उचललेली असणार, कारण सहाची मर्यादा २००१ मध्ये आलेल्या .म्युझियमच्या काळातली आहे. रोमनमध्ये त्याची अक्षरं सहा. पुढे .फोटोग्राफीसारखी टोकं आली, तिची अक्षरं अकरा. आणि .भारत सुरू झालं २७ ऑगस्ट २०१४ ला, सुरुवातीपासूनच त्यात मराठी आणि कोकणी आहेत. आपल्याच भाषेतल्या पत्त्याला आपलाच अर्ज अवैध ठरवतो, हे मला अजिबात पटत नाही.

माझं मत असं. वेब पत्ता ही ठरावीक व्याकरण असलेली रचना आहे: स्कीम (सुरुवातीचं एचटीटीपीएस वगैरे), वापरकर्त्याचं नाव, होस्ट, पोर्ट (होस्टनंतरचा क्रमांक), पाथ (पुढचा पानाचा मार्ग), क्वेरी, फ्रॅगमेंट. हे तुकडे करायचं काम प्रोग्रामिंग भाषेसोबत येणाऱ्या पार्सरला द्या आणि मग एकेका तुकड्याची चौकशी करा. स्कीम एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसच आहे ना? वापरकर्त्याचं नाव आणि पासवर्ड रिकामे आहेत ना? होस्टमध्ये निदान एक टिंब आहे ना? पोर्ट दिलाच असेल तर आपल्याला चालणारा आहे ना? जावास्क्रिप्टमध्ये यूआरएल (म्हणजे वेब पत्ता) ऑब्जेक्ट बनवला की देवनागरी होस्ट आपोआप पुनीकोडमध्ये, म्हणजे त्याच्या रोमन अक्षरांतल्या रूपात, बदलून मिळतो. चुकीचा पत्ता दिला तर टाइपएरर ही त्रुटी येते. तीही पकडत बसायची नसेल तर २०२३ पासून ब्राउझरांत पत्ता पार्स होईल का एवढंच सांगणारं कॅनपार्स आहे.

पुढे उदाहरणांत मी "उदाहरण.परीक्षा" हे होस्ट वापरतो. २००७ मध्ये इंटरनेटवरच्या नावांची व्यवस्था पाहणाऱ्या आयकॅननं देवनागरीच्या चाचणीसाठी हेच नाव ठेवलं होतं.

तुमचं मत काय?

पोलादी

असहमत. रेजेक्स वाईट लिहिलं म्हणून रेजेक्सच नको, हे मान्य नाही. पार्सरवर एवढा विश्वास ठेवणाऱ्यांनी तो काय काय पोटात घालतो ते एकदा पाहावं.

यूआरएल ऑब्जेक्टला "लोकलहोस्ट:८०८०" (आपल्याच यंत्राचं नाव आणि पोर्ट) द्या. तो म्हणतो वैध आहे, स्कीम "लोकलहोस्ट" आणि पाथ "८०८०". "एचटीटीपीएस:" लिहून दोन तिरक्या रेघा विसरा, तो मुकाट्याने घालून देतो. पाच रेघा दिल्या तर जादाच्या गाळतो. मजकुराच्या मधोमध टॅब किंवा नवी ओळ आली तर काढून टाकतो. पार्सरचं काम ब्राउझर चालू ठेवण्याचं आहे, चुकार माणसाचा पत्ता कसाही करून उघडण्याचं. माझ्या अर्जाचं काम नेमकं उलट आहे. मला ठरावीक घडणीचाच पत्ता हवा, बाकी सगळं परत पाठवायचं. "वैध" म्हणजे काय हे माझ्या कामाच्या गरजेनं ठरतं, ब्राउझरच्या उदारपणानं नाही.

आणि यूआरएलचं मानक ज्यात आहे त्या आरएफसी ३९८६ या दस्तऐवजाच्या (जानेवारी २००५) परिशिष्टात खुद्द कर्त्यांनीच रेजेक्स दिलेलं आहे. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली त्या कर्त्यांपैकी एक. त्यांना चालतं तर आपल्याला का नको?

रानवारा

पोलादी, परिशिष्टातलं ते रेजेक्स पुन्हा वाचा. ते पत्ता तोडतं, तपासत नाही. एका ओळीतलं काहीही त्यात बसतं, रिकामी ओळसुद्धा. म्हणजे तो छोटा पार्सरच झाला. तुकडे हातात आल्यावर त्यांची छाननी वेगळी करायची, हेच तर मी म्हणतोय.

"लोकलहोस्ट:८०८०" चं म्हणाल तर स्कीमची चौकशी तिथेच त्याला अडवते. जावास्क्रिप्ट: नं सुरू होणारा पत्ताही तिथेच अडकतो. पार्सर पास म्हणाला म्हणून पत्ता स्वीकारा, असं मी कुठेच लिहिलेलं नाही.

कोकणकडा

एवढा वाद कशाला? रेजेक्समध्ये रोमन अक्षरांच्या जागी "युनिकोड अक्षर" हा वर्ग टाका, देवनागरी चालू होईल. दोन मिनिटांचं काम.

अनुस्वार

कोकणकडा, तसं करून पाहा. "भारत" हाच शब्द त्यात बसणार नाही.

शब्दात चार कोडपॉइंट (युनिकोडमधली सुटी चिन्हं) आहेत: भ, काना, र, त. युनिकोडच्या लेखी भ, र आणि त ही अक्षरं. काना हा अक्षर नाही, तो "चिन्ह" या वेगळ्या वर्गात जातो. मात्रा, वेलांट्या, अनुस्वार, हलन्त सगळे तिकडेच. म्हणजे अक्षरांच्या वर्गावर बेतलेलं रेजेक्स दुसऱ्याच जागी थांबतं. कोल्हापूर लिहिलंत तर ओकाराशी थांबेल. पायथनचं बॅकस्लॅश-डब्ल्यू (शब्दातल्या अक्षरांसाठीची रेजेक्समधली खूण) युनिकोड जाणतं असं सांगतात, पण काना आणि हलन्त त्यातही येत नाहीत. जावास्क्रिप्टमध्ये तर बॅकस्लॅश-डब्ल्यू निव्वळ रोमनच आहे. पीएचपी भाषेतल्या फिल्टर-व्हारची यूआरएल तपासणीही फक्त आस्की (रोमन लिपीतल्या) पत्त्यांना वैध म्हणते, हे त्यांच्या दस्तऐवजातच लिहिलेलं आहे.

चिन्हांचा वर्ग जोडला तरी काम संपत नाही. मराठीतला ऱ् घ्या. "दऱ्या" मधला ऱ्य दोन प्रकारे टाइप होतो: नुक्तावाला ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पुनीकोड मात्र वेगवेगळा. इतर लिप्यांतल्या डोमेन नावांचं जुनं मानक, आयडीएनए २००३, तो जोडक गाळूनच टाकायचं. मग दुसऱ्या प्रकारानं टाइप केलेल्या "दऱ्या"चं "दर्या" होतं, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांचा थेट समुद्र, आणि डोमेन तिसऱ्याचंच. हे नियम रेजेक्समध्ये कोंबायला कुणी जाऊ नये. आयडीएनए हाताळणारी लायब्ररी असते, तिच्याकडून आधी पुनीकोड करून घ्या.

पोलादी

अनुस्वार ताई, मात्रांचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण माझा मूळ आक्षेप तसाच उभा आहे. सगळ्यांचा पार्सर एकच आहे असं धरून तुम्ही बोलताय, आणि तसं अजिबात नाही.

हा पत्ता पाहा:

एचटीटीपीएस://चोर.परीक्षा\@उदाहरण.परीक्षा

पायथनच्या यूआरएलस्प्लिट या पार्सरला होस्ट विचारा. तो शेवटच्या @ च्या उजवीकडे पाहतो आणि "उदाहरण.परीक्षा" सांगतो. डावीकडचं सगळं त्याच्या मते वापरकर्त्याचं नाव. ब्राउझर मात्र व्हॉटडब्ल्यूजी या ब्राउझरवाल्यांच्या गटाचं मानक पाळतो. तिथे उलटी रेघ म्हणजे साधी तिरकी रेघच, त्यामुळे होस्ट "चोर.परीक्षा" वर संपतो आणि पुढचं सगळं पाथ होतं. आता सर्व्हर पायथनमध्ये आहे. तुम्ही होस्ट काढला, परवानगीच्या यादीत सापडला, माणसाला त्या पत्त्यावर पाठवून दिलं. माणूस पोचला चोराच्या दारात. पार्सर वापरला, तुकडे तपासले, सगळं धाग्यात सांगितलं तसंच केलं.

हे काही कागदी उदाहरण नाही. २०१७ च्या ब्लॅक हॅट या संगणक सुरक्षेच्या परिषदेत संशोधक ऑरेंज त्साई यांनी नेमका हाच विषय मांडला होता: तपासणारा पार्सर वेगळा आणि पत्ता उघडणारा वेगळा, त्या फटीतून आत शिरायचं. पत्त्यावरून मजकूर आणणाऱ्या कर्ल या साधनाचे कर्ते डॅनियल स्टेनबर्ग तर किती वर्षं सांगताहेत की यूआरएल म्हणजे काय यावर जगात एकमतच नाही.

माझं कडक रेजेक्स हा पत्ता पहिल्याच फेरीत फेकून देतं. उलटी रेघ नाही, @ नाही, टॅब नाही, मोकळी जागा नाही. २०२३ मध्ये पायथनमध्ये जी सुरक्षेची खोट निघाली (नोंद क्रमांक सीव्हीई-२०२३-२४३२९), तीही मोकळ्या जागेचीच. पत्त्याच्या आधी एक जागा सोडली की यूआरएलपार्सला स्कीमच सापडायची नाही आणि बंदीची यादी निष्प्रभ व्हायची. पायथनच्या ३.११.४ आवृत्तीत ती दुरुस्त झाली. कडक रेजेक्स लावणाऱ्याला तोवर थांबावं लागलं नाही.

नदीकाठ

पोलादींच्या उदाहरणाशी मी पूर्ण सहमत आहे, निष्कर्षाशी नाही. रोजच्या कामात मला सर्वांत जास्त खोटी तपासणी दिसते ती लॉगिननंतर "परत कुठे जायचं" या पॅरामीटरमध्ये. लोक बघतात, तिरक्या रेघेनं सुरू होतंय ना, मग आपलंच पान असणार. "//चोर.परीक्षा" हेही तिरक्या रेघेनंच सुरू होतं आणि ब्राउझर ते दुसऱ्या संकेतस्थळावर नेतो. दोन रेघा अडवल्या तर "/\चोर.परीक्षा" येतं. दरवेळी रेजेक्सला ठिगळ लावत राहायचं का? त्यापेक्षा आपला मूळ पत्ता आधार म्हणून देऊन यूआरएल ऑब्जेक्ट बनवा आणि दोघांचा ओरिजिन (स्कीम, होस्ट आणि पोर्ट मिळून) तंतोतंत जुळतो का ते पाहा. तीन ओळींत काम होतं.

दुसरी नेहमीची खोट म्हणजे होस्टचा शेवट "उदाहरण.परीक्षा" नं होतो का एवढंच तपासणं. "खोटंउदाहरण.परीक्षा" चा शेवटही तोच आहे. आधीचं टिंब धरूनच तुलना करावी लागते.

आणि सर्व्हरच पत्ता उघडणार असेल, उदाहरणार्थ दुव्याचं चित्र आणायला, तर गोष्ट अजून गंभीर आहे. तुम्ही १२७.०.०.१ (सर्व्हरचा स्वतःचाच अंकी पत्ता) अडवलंत. समोरचा २१३०७०६४३३ लिहितो. आकडा तोच, फक्त चार तुकडे न करता एकसंध लिहिलेला. व्हॉटडब्ल्यूजीचा पार्सर त्याचं पुन्हा १२७.०.०.१ करून देतो, पायथनचा यूआरएलस्प्लिट आहे तसाच ठेवतो, आणि पोलादींच्या कडक रेजेक्सला त्यात निव्वळ अंक दिसतात. क्लाउडवर तर १६९.२५४.१६९.२५४ या आतल्या पत्त्यावर मशीनच्या किल्ल्याच मिळू शकतात. शिवाय नाव साधं आणि निर्मळ असून डीएनएसमध्ये (नावांच्या नोंदवहीत) त्याचा आयपी, म्हणजे अंकी पत्ता, आतल्या जाळ्यातला असला, तर पार्सरही वाचवत नाही आणि रेजेक्सही. तिथे जोडणी करताना प्रत्यक्ष मिळालेला आयपी तपासावा लागतो, तोही प्रत्येक रीडायरेक्टनंतर. पत्त्याचा मजकूर कितीही घासूनपुसून तपासा, ही पायरी टळत नाही.

कोकणकडा

मात्रांचं माहीत नव्हतं, धन्यवाद ताई. पण सामान्य माणसाच्या बाजूनं एक सांगतो. लोक एचटीटीपीएस लिहीतच नाहीत, नुसतं नाव लिहितात. पार्सर त्यावर टाइपएरर देतो आणि अर्ज पुन्हा "अवैध" म्हणतो. गावातल्या माणसाला दोन्ही सारखंच.

रानवारा

बरोबर, म्हणून दोन तिरक्या रेघा सापडल्या नाहीत तर सुरुवातीला एचटीटीपीएस:// जोडून मग पार्स करायचं. आणि झालेला बदल माणसाला दाखवायचा: "हाच पत्ता ना?" म्हणून दुवा समोर ठेवायचा. चूक कोणत्या तुकड्यात आहे तेही सांगता येतं: "पोर्ट ६५५३५ च्या वर आहे", "नावाचा एक भाग ६३ पेक्षा लांब आहे". रेजेक्स फक्त हो किंवा नाही म्हणतं. अर्ज भरणाऱ्याला काय दुरुस्त करायचं ते कळत नाही आणि तो अर्ज सोडून देतो. मला याचंच सर्वांत वाईट वाटतं.

पोलादींच्या उलट्या रेघेला उत्तर: आलेला मजकूर कधीच पुढे पाठवू नका. पार्सरनं काढलेल्या तुकड्यांतून पत्ता नव्यानं जोडा आणि तोच साठवा, त्याच पत्त्यावर पाठवा. वापरकर्त्याचं नाव टाकून दिलं की उरतं एचटीटीपीएस://उदाहरण.परीक्षा, आणि त्याचा अर्थ दोन्ही पार्सर एकच लावतात.

सह्याद्रीचा वारा

रेजेक्सवाल्यांनी वेळेचाही विचार करावा. २ जुलै २०१९ ला संकेतस्थळांना सुरक्षा पुरवणाऱ्या क्लाउडफ्लेअर कंपनीचं जाळं जवळपास २७ मिनिटं कोलमडलं, त्याला फायरवॉलच्या नियमातलं एक रेजेक्स कारणीभूत होतं. मागे जाऊन पुन्हा पुन्हा जुळवत बसण्यात सगळा सीपीयू गेला. इंटरनेटवर फिरणारी यूआरएलची लांबलचक रेजेक्सं याच जातीची असतात, एकात एक अडकवलेले तारे आणि अधिकची चिन्हं ("हे पुन्हा पुन्हा येऊ शकतं" अशा खुणा).

पोलादी

तारे एकात एक अडकवले तर तसंच होणार. माझ्या रेजेक्समध्ये एकच वर्ग आहे आणि कमाल लांबी ठरलेली. त्यात मागे जायला काही उरतच नाही.

रानवारा, नव्यानं जोडण्याची सूचना चांगली आहे, पण ती पायथनच्या पार्सरनं लावलेल्या अर्थावर उभी आहे. उद्या तिसरा कुणी पाथमधल्या एखाद्या चिन्हाचा वेगळा अर्थ लावेल. मी दारातच संशयास्पद चिन्हं नाकारणार, आधी पुनीकोड करून, म्हणजे .भारतवाल्यांवर अन्याय होणार नाही. क्रम माझा असा: पुनीकोड, कडक रेजेक्स, मग पार्सर.

अनुस्वार

पण पोलादी, पुनीकोड करायचा तर आधी होस्ट वेगळा काढायला हवा. अख्ख्या पत्त्याचं पुनीकोड होत नाही. पाथमधल्या देवनागरीचं % चिन्ह वापरून एन्कोडिंग होतं, होस्टचं पुनीकोड. मग होस्ट नेमका कुठे संपतो हे ठरवायला तुम्ही काय वापरणार?

पोलादी

आलेल्या मजकुरात उलटी रेघ, @, मोकळी जागा आणि नियंत्रण चिन्हं नाहीत एवढंच आधी पाहणार. तो मजकूर मग तुमच्या पार्सरला देईन, होस्ट काढेन, पुनीकोड करेन आणि त्यावर कडक रेजेक्स लावेन. पार्सर वापरतोच आहे. पण शेवटचा शब्द त्याचा नाही.

रानवारा

पाथमधला @ मात्र अडवू नका. कितीतरी संकेतस्थळांवर लोकांच्या पानांचे पत्ते @ नं सुरू होतात, ते सगळे बाद होतील. होस्टच्या भागातला @ तेवढा अडवा, आणि तो भाग कुठला हे पार्सरलाच विचारावं लागेल.