मदत हवी आहे: इंधन भरताना इंजिन चालू राहिल्यास नेमका धोका कशाचा?

इंधन भरताना इंजिन बंद करावे हा नियम सर्वांना ठाऊक आहे आणि तो मोडण्यासाठी पळवाट शोधावी म्हणून हा धागा काढलेला नाही. मात्र त्यामागचे कारण विचारले की प्रत्येकाकडून वेगळे उत्तर मिळते. कोणी इंजिनातील ठिणगीकडे बोट दाखवतो, कोणी तापलेल्या सायलेन्सरकडे, तर कोणी उगाच इंधन जळते एवढे सांगून विषय संपवतो.

प्रश्न पडण्याचे कारण असे की, आमची जुनी पेट्रोल गाडी लांब पल्ल्याच्या प्रवासात चांगली तापली आणि मग बंद केली, तर बराच वेळ तिचा स्टार्टर जेमतेम फिरतो. थंड असताना तीच गाडी पहिल्या प्रयत्नात सुरू होते. त्यामुळे वाटेत इंधन भरताना ती बंद करायला घरातील मंडळी धजावत नाहीत. दुसरी गाडी डिझेलची असून ती थांबली की तिचे इंजिन आपोआप बंद होते आणि क्लच दाबला की पुन्हा सुरू होते.

माझ्या शंका अशा आहेत. स्पार्क प्लगची ठिणगी सिलिंडरच्या आत, बंदिस्त जागेत पडते. मग टाकीच्या तोंडाशी असलेली वाफ तिच्यामुळे कशी पेटेल? सायलेन्सर तर इंजिन बंद केल्यानंतरही तेवढाच तापलेला असतो, मग बंद करून काय साधले? शिवाय स्टार्टर फिरवताना इंजिन नुसते चालू असतानापेक्षा कितीतरी अधिक वीजप्रवाह वाहतो, म्हणजे बंद करून पुन्हा सुरू करणे हेच जास्त धोक्याचे नाही का? डिझेल सहजासहजी पेट घेत नाही असे म्हणतात, तर डिझेल गाडीलाही हा नियम तितक्याच काटेकोरपणे लागू होतो का? आणि आपोआप थांबलेले इंजिन ‘बंद’ समजावे का? जाणकारांनी कृपया कारणांसह उत्तर द्यावे. ‘नियम आहे म्हणून पाळा’ एवढे मला आधीच पटलेले आहे.

प्रतिसाद १

आपली पहिली शंका योग्य आहे. सिलिंडरमधील ठिणगीचा यात फारसा संबंध नाही. धोका टाकीबाहेर आलेल्या वाफेचा आहे. टाकीत जितके लिटर पेट्रोल जाते, साधारण तितकीच वाफमिश्रित हवा तिथून बाहेर ढकलली जाते आणि वाफ परत ओढून घेणारी यंत्रणा नसेल तर ती थेट भरण्याच्या तोंडाशी पसरते. पेट्रोलचा ज्वलनांक, म्हणजे ज्या किमान तापमानाला त्याची वाफ ठिणगीने पेटण्याइतकी साचते ते तापमान, उणे ४० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्यामुळे कोणत्याही ऋतूत ही वाफ पेट घेऊ शकते. हवेत तिचे प्रमाण साधारण १.४ ते ७.६ टक्के असेल तरच ती पेटते. टाकीच्या आत हे प्रमाण बहुधा त्याहून जास्त असते, म्हणून आत ती पेटत नाही. बाहेर हवेत मिसळताना मात्र ती नेमकी या पट्ट्यात येते. त्यातून ती हवेपेक्षा जड, त्यामुळे वारा नसेल तर जमिनीलगत गाडीखाली सरकते.

आता ठिणग्या कुठे पडतात ते पाहा. अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राचे) ब्रश, रेडिएटरच्या पंख्याची मोटर आणि तिचा रिले (विजेवर चालणारा स्विच), जुन्या गाडीत स्पार्क प्लगकडे जाणाऱ्या तडे गेलेल्या हाय टेन्शन वायरी, ही सगळी ठिकाणे उघडी आहेत आणि इंजिन चालू असताना त्यांतील बहुतेक कामात असतात. उभ्या गाडीचे इंजिन तापले की पंखा आपल्याला न विचारता सुरू होतो. काही गाड्यांत तो इंजिन बंद केल्यावरही फिरतो, हे मान्य. इंजिन बंद केल्याने धोका शून्य होत नाही, पण ठिणगीची ठिकाणे निश्चित कमी होतात.

सायलेन्सरबाबतही आपले निरीक्षण बरोबर आहे. पेट्रोल साधारण २५० ते २८० अंशांना आपोआप पेटते असे तक्त्यांत लिहिलेले असते, पण उघड्यावर तापलेल्या पृष्ठभागावर सांडलेले पेट्रोल पेटण्यासाठी तो पृष्ठभाग याहून बराच अधिक तापलेला असावा लागतो, कारण वाफ तिथे फार काळ टिकत नाही. तरीही कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधील धूर स्वच्छ करणारा भाग, काम करताना आतून ४०० ते ८०० अंशांपर्यंत तापतो. इंजिन बंद झाले की निदान त्याला नवी उष्णता मिळणे थांबते.

स्टार्टरचा मुद्दा वेळेचा आहे. इंजिन सुरू करायचे ते नोझल जागेवर ठेवून आणि टाकीचे झाकण लावून झाल्यावर. तोवर मोकळ्या जागेत वाफ विरून गेलेली असते. पेट्रोल खाली सांडले असेल तर मात्र इंजिन सुरूच करू नये, गाडी ढकलून बाजूला घ्यावी.

माझ्या मते दोन कारणे यापेक्षाही वजनदार आहेत आणि त्यांची चर्चा कमी होते. एक म्हणजे चालू गाडी हलू शकते: गिअर चुकून पडतो, हँडब्रेक ओढायचा राहतो, किंवा नोझल टाकीत असतानाच चालक गाडी पुढे काढतो. दुसरे म्हणजे स्थिर वीज. कोरड्या हवेत इंधन भरणे चालू असताना गाडीत जाऊन बसायचे आणि परत येऊन नोझलला हात लावायचा, यातून आगी लागल्याच्या नोंदी अमेरिकेतील पेट्रोलियम इक्विपमेंट इन्स्टिट्यूटने संकलित केलेल्या आहेत. एसीसाठी इंजिन चालू ठेवणारा माणूस सहसा हेच करतो. गाडीत बसावेच लागले तर नोझलला हात लावण्यापूर्वी गाडीच्या उघड्या धातूला स्पर्श करावा. आग लागलीच तर नोझल ओढून बाहेर काढू नये. ते तसेच सोडून दूर व्हावे आणि पंप बंद करायला सांगावे.

प्रतिसाद २

डिझेलपुरते लिहितो. डिझेलचा ज्वलनांक ५५ अंशांच्या आसपास किंवा त्याहून वर असतो, म्हणून नेहमीच्या तापमानाला त्याची वाफ पेटण्याइतकी साचत नाही. पण शेजारच्या पंपावर कोणीतरी पेट्रोल भरत असतो आणि त्याची वाफ आपली गाडी डिझेलची आहे हे पाहून येत नाही.

डिझेल इंजिनाची आणखी एक खोड आहे. त्याचा वेग हवेवर नव्हे, तर आत सोडलेल्या इंधनावर ठरतो. हवेबरोबर ज्वलनशील वाफ आत ओढली गेली तर तीच इंधन बनते आणि इंजिन बेफाम पळू लागते. अशा वेळी चावी फिरवूनही ते थांबेलच असे नाही. २३ मार्च २००५ रोजी टेक्सास सिटी येथील तेलशुद्धीकरण कारखान्यातील स्फोटात १५ जण मृत्युमुखी पडले आणि सुमारे १८० जखमी झाले. तिथे वाफेचा ढग पेटण्याचे सर्वांत संभाव्य कारण म्हणून चौकशीत इंजिन चालू असलेल्या एका डिझेल पिकअप ट्रककडे बोट दाखवले गेले. पंपावरची वाफ त्या प्रमाणात कधीच नसते, त्यामुळे घाबरून जाण्याचे कारण नाही. डिझेल म्हणजे सुरक्षित, हे समीकरण मात्र सोडून द्यावे.

आपोआप थांबलेले इंजिन बंद समजू नका. इग्निशन चालूच असते आणि बॅटरीचा विद्युतदाब (व्होल्टेज) उतरला किंवा एसीला गरज भासली तर ते स्वतःहून सुरू होऊ शकते. हायब्रिड गाड्यांनाही हेच लागू पडते. चावी किंवा बटणाने इग्निशन पूर्ण बंद करावे.

धागाकर्ता

दोघांचेही आभार, बहुतेक शंका फिटल्या. दोन गोष्टी राहिल्या. इंजिन चालू ठेवून इंधन भरल्यावर ‘चेक इंजिन’चा दिवा लागतो असे ऐकले आहे, त्यात तथ्य आहे का? आणि तापल्यावर सुरू न होणाऱ्या गाडीचे निदान कुठून सुरू करावे?

प्रतिसाद ३

दिव्याबाबत तथ्य आहे. टाकीतील वाफ कोळशाच्या डब्यात साठवून ती इंजिनात जाळली जाते आणि या बंदिस्त मार्गात गळती आहे का, याची तपासणी अनेक गाड्यांत इंजिन चालू असताना होते. त्याच वेळी झाकण उघडले तर गाडीतील संगणकाला ती मोठी गळती वाटते. पी०४५५ किंवा पी०४५७ असे दोष दाखवणारे कोड त्यातूनच येतात. झाकण नीट घट्ट लावल्यावर काही फेऱ्यांनी दिवा सहसा आपोआप जातो.

निदानाची सुरुवात बॅटरीपासून करावी. गाडी काही तास उभी राहिल्यावर सुमारे १२.६ व्होल्ट मिळायला हवेत आणि स्टार्टर फिरताना दाब साधारण ९.६ च्या खाली जाऊ नये. हे मोजमाप गाडी तापलेली असतानाच घ्यावे, कारण थंड गाडीत दोष लपतो. बॅटरी चांगली निघाली तर स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे ऋण टोक आणि इंजिनाचा धातू यांमधील दाब मोजावा; तो अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगची केबल किंवा तिचे गंजलेले जोड दोषी आहेत. तेही ठीक असेल तर स्टार्टर काढून त्याचे बुश (दांडा ज्यांत फिरतो त्या धातूच्या कड्या) आणि ब्रश तपासून घ्यावेत. एक्झॉस्टला लागून बसवलेल्या स्टार्टरमध्ये तांब्याचा रोध उष्णतेने वाढतो आणि झिजलेले बुश अडकू लागतात, त्यामुळे आपण सांगितलेली लक्षणे तिथे अगदी तंतोतंत जुळतात. दुरुस्ती होईपर्यंत, जमल्यास, प्रवासाला निघतानाच गाडी थंड असताना टाकी भरून घ्यावी.