मुंबई बेटांचा इतिहास: जर्सन दा कुन्हांवर कितपत विसंबावं?

दफ्तरी: जर्सन दा कुन्हा (1844–1900) मूळचे गोव्याचे, पेशाने डॉक्टर. 1876 मध्ये चौल-वसईवर पुस्तक, 1877 मध्ये सह्याद्रिखंडाची (स्कंदपुराणाचा मानला जाणारा भाग) संपादित संहिता, 1880 मध्ये इंडो-पोर्तुगीज नाणी आणि 1900 मध्ये मुंबईच्या उगमावरचा ग्रंथ. पोर्तुगीज कागद मुळातून वाचून बेटांचा इतिहास लिहिणारा माणूस! सात बेटांवर काहीही लिहायचं तर सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

बखरवाला: साफ अमान्य. पोर्तुगीज अंमलच 1534 च्या वसईच्या तहानंतरचा. पोर्तुगीज अधिकारी सिमांव बोतेल्योचा 1554 चा तोंबो, म्हणजे महसुली नोंदवही घ्या: गाव कुणाच्या नावे, खंड (सरकारला द्यायचा वार्षिक भरणा) किती. जमीन कसतं कोण, जाळं टाकतं कोण, हे त्यात शोधून सापडत नाही. महिकावतीची, म्हणजे माहीमची बखर वि. का. राजवाड्यांनी छापली 1924 मध्ये, म्हणजे दा कुन्हा गेल्यानंतर. त्यांनी दिलेली बिंब राजाची (माहीमला राज्य करणारा, असं बखर सांगते) हकिगत आज जशीच्या तशी कशी घ्यायची?

दफ्तरी: बखरीतलं शकाचं साल तरी तपासून घ्या! बिंब शके 1060 मध्ये (इ.स. 1138) आला की अलाउद्दीन खिलजीच्या देवगिरीवरच्या इ.स. 1296 च्या स्वारीनंतर, यात दीडशे वर्षांचं अंतर आहे. साठ वर्षांच्या चक्रातल्या प्रत्येक वर्षाला संवत्सराचं नाव असतं, पहिलं प्रभव. शकात 12 मिळवा, 60 ने भागा, उरेल तितवा संवत्सर प्रभवापासून मोजा. अलिबागजवळच्या अक्षीच्या शिलालेखात शके 934 वाचलं तर 946, बाकी 46, म्हणजे परिधावी. लेखातही तेच नाव वाचतात. ही कसोटी लावल्याशिवाय बखरीतलं एकही साल पुढे करू नये.

बखरवाला: कसोटी चांगली, पण अपुरी. नंतरचा लेखकही तेच गणित करून संवत्सर जुळवतो. आणि कागद तरी कुठे सरळ असतात? मुंबईचा ताबा इंग्रजांना मिळाला 18 फेब्रुवारी 1665 ला. इंग्रजी जुन्या पद्धतीत तोच दिवस 8 फेब्रुवारी 1664, कारण त्यांचं वर्ष 25 मार्चला बदलायचं. दोन्ही नोंदी शेजारी ठेवणारा नवखा हमखास वर्षभराचा घोळ घालतो.

दफ्तरी: शकाचंही तेच. इसवी सन काढायला सरसकट 78 मिळवतात. साधारण पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंत 79 लागतात.

बखरवाला: मग कागद आणि बखर, दोन्हींच्या वर दगड ठेवा. शिलालेख, वीरगळ (वीराच्या स्मरणाचा दगड), गद्धेगाळ (दान मोडणाऱ्याला शाप देणारा, गाढव कोरलेला दगड). मात्र जीर्णोद्धारात दगड हलतात, म्हणून तो आज कुठे आहे आणि पहिली नोंद कुठली, हे वेगवेगळं लिहा. दा कुन्हांचा ग्रंथ त्यानंतर उघडा.

दफ्तरी: दगडावर खंडाचा हिशेब नसतो. सोळाव्या शतकासाठी मी आधी त्यांनाच उघडणार.